कील येथील आधारवर्ष : एका शैक्षणिक प्रयोगाचा इतिहास

पदवी अभ्यासक्रमात निरनिराळ्या विद्याशाखांचा समन्वय साधावा, हा विचार आज नव्याने मांडला जात असला तरी त्याची कसोटी पूर्वीच लागलेली आहे. इंग्लंडमधील नॉर्थ स्टॅफर्डशायर विद्यापीठीय महाविद्यालय, म्हणजेच पुढचे कील विद्यापीठ, १९४९ साली स्थापन झाले व १९५० च्या ऑक्टोबरात तेथे पहिले विद्यार्थी दाखल झाले. तेथील पहिल्या वर्षाचा, ज्यास आधारवर्ष म्हणता येईल त्याचा, इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

या संस्थेचे मूळ प्रौढशिक्षणाच्या चळवळीत आहे. कीलजवळील स्टोक-ऑन-ट्रेंट हा चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचा परिसर. त्यातील लाँग्टन येथे आर्. एच्. टॉनी यांनी १९०८ साली कामगारांसाठी विद्यापीठीय वर्ग सुरू केले. अर्थशास्त्र शिकू लागलेला कामगार इतिहासाचे व नीतिशास्त्राचेही प्रश्न विचारी. विषयांच्या सीमा त्याच्या जिज्ञासेला ठाऊक नव्हत्या. संस्थेचे पहिले प्राचार्य लॉर्ड ए. डी. लिंडसे यांचा या चळवळीशी निकटचा संबंध होता. ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयाचे ते १९२४ ते १९४९ प्रमुख होते. भारतातील ख्रिस्ती महाविद्यालयांच्या पाहणीसाठी १९३०-३१ मध्ये आलेल्या आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. इंग्रजी शाळांतून सोळाव्या वर्षाच्या सुमारासच मुलांची शास्त्र व साहित्य अशी वाटणी होते आणि मग विशेषज्ञांना परस्परांची भाषाच उरत नाही, हे त्यांचे मुख्य निदान होते.

यावरील उपाय चार वर्षांच्या पदवीचा होता. पहिल्या वर्षी सर्वच विद्यार्थ्यांनी एक समान व्याख्यानमाला ऐकावयाची. तीत ग्रीक संस्कृतीपासून आधुनिक उद्योगयुगापर्यंतचे आणि विश्वरचनेपासून जीवशास्त्रापर्यंतचे विषय येत. त्याच्या जोडीला लहान चर्चावर्ग असत, व शाळेत न शिकलेल्या विषयांचा परिचय करून घ्यावा लागे. उरलेल्या तीन वर्षांत दोन मुख्य विषय घ्यावयाचे. परंतु शास्त्र व साहित्य यांपैकी एकाही बाजूस सर्वस्वी टाळता येत नसे. ऑक्सफर्ड, मँचेस्टर व बर्मिंगहॅम या विद्यापीठांच्या देखरेखीखाली स्वतःची पदवी देण्याचा अधिकारही संस्थेस मिळाला. लष्करी छावणीच्या जुन्या बराकींत विद्यार्थी राहत आणि प्राध्यापकांचीही वस्ती त्याच आवारात असे.

या योजनेचे खरे बळ व्याख्यानमालेत नव्हते. अनेक विषय एकापुढे एक मांडल्याने ज्ञान अनेकविध होते, परंतु एकसंध होत नाही. सांधा जुळण्याचे स्थान चर्चावर्ग हे होते. तेथे रसायनाचा विद्यार्थी व इतिहासाचा विद्यार्थी एकाच प्रश्नावर आपापल्या प्रमाणांनिशी बोलू लागत. आधारवर्षानंतर अनेक विद्यार्थ्यांनी आधी ठरविलेला मुख्य विषय बदलला, ही गोष्ट लक्षणीय आहे. शाळेत केलेली निवड अज्ञानातून झालेली होती, याचा तो पुरावाच होय.

लिंडसे १९५२ मध्ये निवर्तले. संस्थेस १९६२ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तत्पूर्वी एकच वर्ष सुरू झालेल्या ससेक्स विद्यापीठाने विषयवार विभागांऐवजी व्यापक अध्ययनशाळा उभारल्या. मात्र कील येथील आधारवर्ष टिकले नाही. इतरत्र तीन वर्षांत मिळणाऱ्या पदवीसाठी येथे चार वर्षे खर्ची पडत. पुढे तीन वर्षांचाही मार्ग खुला झाला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मूळ योजना लयास गेली. ती निष्फळ ठरली म्हणून नव्हे, तर ती महाग होती म्हणून.

राधाकृष्णन् आयोगाने १९४९ च्या अहवालात भारतीय पदवी अभ्यासक्रमासाठी सामान्य शिक्षणाची शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही बहुविद्याशाखीय चार वर्षांच्या पदवीचा पुरस्कार आहे. कीलचा इतिहास येथे एक कठोर प्रश्न उभा करतो. विषयांची यादी वाढविणे सोपे असते. लहान वर्ग, एकत्र शिकविणारे अध्यापक आणि एक अधिक वर्ष यांची किंमत कोण देणार, हे ठरल्यावाचून समन्वय वेळापत्रकाबाहेर येत नाही.