खडकवासल्यातून 35 हजार क्युसेक पाणी सुटलं. मग येरवड्यात किती येणार?

जुलै लागला की पुणेकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. खडकवासल्यातून विसर्ग वाढवून अमुक हजार क्युसेक करण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. पाठोपाठ भिडे पूल पाण्याखाली गेल्याची रील येते. येरवड्यात नदीकाठी राहणाऱ्या माणसाला मात्र या दोन्हींतून पुरतं उत्तर मिळत नाही. भिडे पूल आहे मुठेवर आणि येरवड्याजवळून वाहते ती मुळा-मुठा.

आधी क्युसेकचं गणित. एका सेकंदात एक घनफूट पाणी वाहिलं की तो एक क्युसेक, म्हणजे साधारण 28.3 लिटर. 35 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास 10 लाख लिटर. 10 हजार लिटरचे शंभरेक टँकर दर सेकंदाला रिकामे होतायत असं समजा. टीएमसी हा साठ्याचा आकडा. 1 टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. साधारण साडेअकरा हजार क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की 1 टीएमसी पाणी खाली जातं.

आता खडकवासल्याकडे बघा. पानशेतची क्षमता 10.65 टीएमसी, वरसगावची 12.82, टेमघरची 3.71. या तिन्ही धरणांचं पाणी ज्या खडकवासल्यात येतं, त्याची क्षमता फक्त 1.97 टीएमसी. वरून 35 हजार क्युसेक येत असेल तर अगदी रिकामं खडकवासलाही सोळा तासांच्या आत भरेल. आणि भर पावसाळ्यात ते रिकामं नसतंच. त्यामुळे वरून जितकं येईल तितकं खाली सोडावं लागतं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की तीन.

25 जुलै 2024 च्या पहाटे हेच झालं. विसर्ग 35 हजार क्युसेकच्या पुढे गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. विशेष म्हणजे मुठेची निळी पूररेषा 60 हजार क्युसेकला धरून आखलेली आहे आणि लाल रेषा 1 लाखाला. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. ऑगस्ट 2019 मध्ये विसर्ग 45 हजारांवर गेला होता, तोही निळ्या रेषेच्या आतच. म्हणजे कागदावरच्या रेषेला पाणी टेकण्याच्या कितीतरी आधी ते घरात आलेलं असतं.

येरवड्याचा आकडा वेगळा आहे

संगमावर मुठेला मुळा मिळते. मुळा एकटी येत नाही. दापोडीला तिला पवना मिळालेली असते, आणि जोराचा पाऊस असेल तर मुळशी धरणातूनही नदीत पाणी सोडलेलं असतं. शिवाय शहरातले ओढे-नाले आहेतच. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तो शहरात आणि कात्रज परिसरात पडलेल्या पावसाने. खडकवासल्याच्या आकड्यावरून त्याचा अंदाज येणं शक्यच नव्हतं.

हे सगळं पाणी एकत्र मोजलं जातं ते येरवड्याच्या समोर, बंडगार्डनला. गंमत म्हणजे हा आकडा पुण्यापेक्षा सोलापूर जिल्ह्यात जास्त पाठ असतो. उजनी कधी भरणार हे बघणारा माढ्याचा, करमाळ्याचा शेतकरी पावसाळ्यात रोज 'बंडगार्डन किती, दौंड किती' विचारतो. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. दौंडच्या आकड्यात भीमेचं आणि इंद्रायणीचं पाणीही आलेलं असतं. येरवडेकरांनी मात्र बंडगार्डनच बघावं. खडकवासल्याचा विसर्ग वाढल्यावर ते पाणी इथे पोहोचायला काही तास लागतात. सामान वर हलवायला मिळतो तो एवढाच वेळ.

विसर्ग कळला म्हणून पातळी कळत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. तेवढंच पाणी रुंद पात्रातून पसरून जातं आणि अरुंद पात्रात चढतं. राडारोड्याचे भराव, पुलांचे खांब, बंडगार्डनचा बंधारा यांचा परिणाम वरच्या बाजूच्या पातळीवर होतो. नदीकाठ सुधार प्रकल्पावरचा वादही मुळात याच मुद्द्यावर आहे: पात्र आक्रसलं तर पाणी किती चढेल?

बरं, पातळीचा आकडा म्हणजे खोली नव्हे. ऑगस्ट 2022 मध्ये युरोपात दुष्काळ पडला तेव्हा जर्मनीत ऱ्हाईन नदीवरच्या काउब या ठिकाणी पातळी 40 सेंटीमीटरच्या खाली गेल्याची बातमी जगभर झाली. तरी तिथून मालवाहू जहाजं कमी माल भरून जातच होती, कारण मोजपट्टीचा शून्य नदीच्या तळाशी नसतो. म्हणून एका ठिकाणची पातळी दुसऱ्या ठिकाणच्या पातळीशी ताडून बघू नये. त्याच ठिकाणच्या इशारा पातळीशी आणि धोका पातळीशी ताडावी.

आणि उरलेले आठ महिने?

ऑक्टोबरनंतर पाऊस थांबतो, विसर्ग बंद होतो. खडकवासल्याचं पाणी पुण्याच्या नळांना आणि कालव्यातून दौंड, इंदापूरच्या शेतीला जातं. मुळशीचं बहुतेक पाणी तर वीजनिर्मितीसाठी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला जातं. त्यामुळे उन्हाळ्यात येरवड्याच्या पुलावरून जे वाहताना दिसतं ते डोंगरातलं पाणी जवळपास नसतंच. ते बहुतांशी शहरानं वापरून सोडलेलं सांडपाणी असतं, काही प्रक्रिया केलेलं, काही तसंच. पाणी संथ, त्यात सांडपाण्यातलं खत, वर ऊन. फेब्रुवारी-मार्चपासून पात्र जलपर्णीनं हिरवंगार होतं, ते याच कारणाने. जूनमध्ये पहिला लोंढा येतो आणि ती जलपर्णी पुलांच्या खांबांना अडकत खाली सरकते.