अडगाव ते देवगाव : अठरा दिवस

२५ ऑक्टोबर १८०२, दिवाळी. हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. मराठ्यांनीच मराठ्यांच्या. दुसरा बाजीराव पुण्यातून निसटला. ३१ डिसेंबरला त्याने वसईत इंग्रजांशी तह केला. वऱ्हाडचं पुढे जे झालं त्याची सुरुवात इथूनच धरावी लागते.

२३ नोव्हेंबर १८०३. वसईच्या तहातून शिंदे-भोसले आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटलं होतं. असईत हरलेल्या दौलतराव शिंद्यांनी इंग्रज सेनापती आर्थर वेल्स्लीशी तहकुबी ठरवली. तीत नागपूरकर भोसले नव्हते. अट अशी, की शिंद्यांनी फौज एलिचपूरच्या पूर्वेला वीस कोस न्यावी. सहा दिवस गेले, फौज गेली नाही.

२९ नोव्हेंबर, दुपार. अडगाव, आजचा अकोला जिल्हा. रघुजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी पायदळ आणि तोफा लावून उभे. शेजारी सिरसोलीकडे शिंद्यांचं घोडदळ. हल्ला करू नका, असं शिंद्यांचे वकील वेल्स्लीला विनवत होते. भोसल्यांशी तहकुबी नाही आणि शिंद्यांनी अट पाळलेली नाही, हे त्याचं उत्तर. एकट्याने केलेल्या तहकुबीने शिंदेही वाचले नाहीत आणि भोसलेही.

सायंकाळी साडेचारच्या सुमारास. मराठा तोफांच्या माऱ्यात इंग्रजांच्या तीन देशी पलटणी फुटल्या. दिवसभरातली भोसल्यांची संधी एवढीच. वेल्स्ली जवळच होता. त्याने पलटणी पुन्हा रांगेत आणल्या.

सूर्यास्त. भोसल्यांचं पायदळ मोडलं, ३८ तोफा गेल्या. चांदणं होतं, पाठलाग रात्रीही चालला.

५ डिसेंबर. वेल्स्ली एलिचपुरात. अडगावहून निसटलेलं बरंचसं पायदळ गाविलगडावर किल्लेदार बेणीसिंगाकडे पोचलेलं.

७ डिसेंबर. गड दक्षिणेकडून जवळजवळ चढता येत नाही. उत्तरेला लबाडा गावाकडून मात्र जमीन जोडलेली आहे. त्या बाजूने इंग्रजांचा कर्नल स्टीव्हन्सन मेळघाटाच्या डोंगरात शिरला. आधी रस्ता करायचा, मग त्यावरून अवजड तोफा माणसांनी हातांनी ओढायच्या. याला पाच दिवस लागले. इकडे भोसल्यांशी तहाची बोलणी चालू होती. बोलणी चालू आहेत म्हणून वेढा थांबला नाही.

१२ डिसेंबर. तोफा लबाड्याला. रात्री मोर्चे बांधायला सुरुवात.

१३ डिसेंबर, सकाळ. मारा सुरू.

१४ डिसेंबर, रात्र. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं. आतला तट अजून शाबूत.

१५ डिसेंबर, सकाळी दहा. हल्ला. बाहेरचा किल्ला पडला. आतल्या तटावर शिड्या लावता येतील अशी जागा कॅप्टन कॅम्पबेलला सापडली. त्याची माणसं वर चढली आणि त्यांनी दरवाजा आतून उघडला. त्यानंतर गडावर जे झालं ती कत्तलच होती. दरवाजाजवळच्या प्रेतांच्या ढिगात बेणीसिंग सापडला.

१७ डिसेंबर. देवगावचा तह. कटक आणि बालासोर इंग्रजांना. वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं आणि पुढे निजामाला मिळालं. नागपुरात इंग्रज रेसिडेंट बसणार. नरनाळा आणि गाविलगड मात्र पायथ्याच्या चार लाखांच्या मुलखासह रघुजींकडे राहिले. दोन दिवसांपूर्वी ज्याच्यासाठी एवढी माणसं मेली तो गड परत मिळाला, गड ज्या मुलखावर नजर ठेवायचा तो मिळाला नाही.

३० डिसेंबर. सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा तह.

एप्रिल १८०४. होळकर आणि इंग्रज यांच्यात लढाई सुरू. तोवर शिंदे आणि भोसले दोघेही तहांनी बांधले गेले होते.