पुरुषाचा थकवा आणि त्याचीं औषधें

न्हावा आणि शेवा हीं खाडीकांठचीं गांवें एके काळीं भातशेती, मिठागरें व मासेमारी यांवर जगत. १९८९ सालीं येथें बंदर सुरू झालें आणि पाळीनें रात्र जागणें हा तेथील रोजगाराचा भाग झाला. पण अशा जागरणानें कंटाळलेल्या तरुणाच्या मनांतली शंका बंदराहून फार जुनी आहे: अंगांत त्राण नाहीं, कशांत मन लागत नाहीं, तेव्हां पौरुषच ओसरलें कीं काय?

आयुर्वेदानें वाजीकरणास आठ अंगांत स्थान दिलें, तेव्हां पाश्चात्त्यांस हंसण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. १८८९ सालीं ब्राउन-सेकार या नामांकित शरीरशास्त्रज्ञानें वयाच्या बहात्तराव्या वर्षीं कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोंचून घेतला, आणि गेलेला जोम परतल्याचें पॅरिसच्या विद्वानांपुढें सांगितलें. त्या पाण्यांत उतरलेल्या अर्कांत खरें द्रव्य नांवापुरतेंच असणार. गुण आला तो श्रद्धेचा. पुढें व्होरोनॉफनें माकडांच्या ग्रंथींचीं कलमें केलीं, व धनिकांनीं तींही करवून घेतलीं! टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपांत हातीं आलें तें १९३५ सालीं.

आमच्याकडे या भयाविषयीं उघड बोलण्याचें धाडस र. धों. कर्वे यांनीं केलें. विल्सन कॉलेजांतील गणिताचें अध्यापन सोडावें लागल्यावर त्यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढलें. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरें दिल्याबद्दल १९३४ सालीं त्यांच्यावर खटला चालला. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी दोनशें रुपये दंड झालाच. धातुपुष्टीच्या जाहिराती मात्र वर्तमानपत्रांतून निर्वेधपणें छापल्या जात होत्या. ज्ञान अश्लील आणि गोळी सभ्य, असा तो न्याय!

आज रक्ततपासणी आहे, पण घाईही आहे. हें द्रव्य झोपेंत वाढतें आणि सकाळीं अधिक असतें; म्हणून तपासणी सकाळीं, आणि आंकडा कमी आल्यास पुन्हां एकदां करावी लागते. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठाच्या एका लहानशा प्रयोगांत दहा निरोगी तरुणांस आठवडाभर रोज पांचच तास झोपूं दिलें, तों त्यांच्या दिवसाच्या टेस्टोस्टेरॉनचें प्रमाण शेंकडा दहा ते पंधरा उतरलें. मग रात्रपाळीच्या माणसास आधीं विचारावयाचें तें त्याच्या झोपेविषयींच. त्यानंतर पंडुरोग, मधुमेह, थायरॉइड, खिन्नता. खरी उणीव असणाऱ्यास उपचारानें लाभ होतो, हें आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉननें शरीराची शुक्रजंतुनिर्मिति मंदावते, कधीं थांबतेही. आणि व्यायामशाळेंतल्या मित्राच्या सांगण्यावरून सुई टोंचून घेणारा नवविवाहित तरुण पुढें अपत्यासाठीं डॉक्टरांची दारें झिजवितो, तेव्हां त्याला ही गोष्ट प्रथम कळते.