टीसीपी व यूडीपी

संगणकांच्या जाळ्यात एका यंत्राकडील मजकूर दुसऱ्याकडे वाहून नेणारे, सर्वाधिक प्रचारातले दोन प्रोटोकॉल. दोघांचाही आधार आयपी हा असून, तो पॅकेटे पत्त्याकडे रवाना करतो खरा, परंतु ती पोहोचतीलच, एकदाच पोहोचतील किंवा पाठविल्या क्रमाने पोहोचतील, याची हमी घेत नाही. ही हमी कोणी घ्यावी, या एका प्रश्नावर दोघांचे मार्ग वेगळे होतात.

टीसीपी ती जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो. मजकूर धाडण्यापूर्वी प्रेषक आपला प्रारंभीचा क्रमांक, समजा १०००, कळवितो. ग्राहक त्यास १००१ अशी पोच देऊन त्याच पॅकेटात आपला ५००० हा क्रमांक पाठवितो. आणि प्रेषकाने ५००१ अशी उलट पोच दिली, म्हणजे संबंध पक्का होतो. नंतर ५०० बाइट सुखरूप पोहोचले, की १५०१ अशी पोच येते. त्यापुढचे पॅकेट वाटेत गहाळ झाले, तर मागाहूनची पॅकेटे दाखल होऊनही ग्राहक १५०१ याच क्रमांकाची मागणी लावून धरतो, आणि हरवलेले पॅकेट फिरून पाठविणे प्रेषकास भाग पडते.

मार्गावरील गर्दी ओळखून हात आखडता घेणे हेही टीसीपीचे कर्तव्य होय. मात्र ते त्यास अनुभवाने शिकवावे लागले. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांमधील, जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरावरील वाहतूक सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळली. त्याचा छडा लावून व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी जो उपाय सिद्ध केला, त्यावर आजचे महाजाल उभे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांच्या १९७४ च्या निबंधात पत्ता शोधणे व हमी घेणे ही दोन्ही कामे एकाच प्रोटोकॉलकडे होती. पुढे पॅकेटांतून आवाज पाठविण्याचे प्रयोग होऊ लागले, तेव्हा उशिरा आलेले अक्षर न आलेल्या अक्षराइतकेच निरुपयोगी, हे ध्यानी येऊन आयपी वेगळा काढण्यात आला, आणि ज्यांना हमीपेक्षा वेळ मोलाचा, त्यांच्यासाठी यूडीपीची तजवीज झाली. ऑगस्ट १९८० मधील त्याचा मूळ मसुदा अवघ्या तीन पृष्ठांचा आहे. टीसीपीचे शीर्ष किमान २० बाइटांचे, तर यूडीपीचे केवळ ८ बाइटांचे: दोन्ही बाजूंचे पोर्ट, लांबी आणि मजकुराच्या रुजवातीसाठी एक बेरीज, बस्स.

यूडीपीला ‘अविश्वसनीय’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि तो अन्याय्य आहे. तो वचनभंग करीत नाही. वचनच देत नाही, आणि काय हरवले तर चालेल याचा निवाडा ज्यास तो खरोखर करता येतो, त्या वापरकर्त्या प्रोग्रामवर सोपवितो. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारणारी डीएनएस ही व्यवस्था बहुधा यूडीपीच वापरते, कारण एका पॅकेटाच्या प्रश्नासाठी आधी तीन पॅकेटांची बोलणी करणे परवडत नाही. ई-मेल व फायली यांस मात्र एकही बाइट गमावून चालत नाही. ते काम टीसीपीचेच.

२०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक हा प्रोटोकॉल हमीची सारी यंत्रणा यूडीपीच्या माथ्यावर नव्याने रचतो. टीसीपीत एक पॅकेट हरवले, की मागचा सर्व मजकूर खोळंबतो. क्विकमध्ये प्रत्येक प्रवाहाचा हिशेब निराळा असल्याने, एका चित्राचे पॅकेट गहाळ झाले तरी त्याच पानावरील दुसरे चित्र अडून राहत नाही.