रेइंगा ते ब्लफ: टाकून दिलेल्या वाटांवरून

केप रेइंगापासून ब्लफपर्यंत 3,000 किलोमीटर सायकल चालवली असे सांगितले, की आपल्या मंडळातली माणसे हमखास विचारतात, "मग, कितवा नंबर आला?" प्रश्न अगदी रास्त आहे, पण टूर आओटेआरोआमध्ये नंबर नसतो. ही ब्रेव्हे आहे. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला निघायचे, दक्षिण टोकाला पोहोचायचे. बरोबर मदतीची गाडी नाही. तंबू, कपडे, खाणे, पंक्चरचे सामान सगळे आपल्याच सायकलवर. वाटेतल्या 30 ठरलेल्या ठिकाणी फोटो काढायचे, की झाला पुरावा. 30 दिवसांच्या आत पोहोचावे लागते, आणि गंमत म्हणजे 10 दिवसांच्या आधी पोहोचायला मनाई आहे! मला 2024 साली 27 दिवस लागले.

ब्रेव्हे हा फ्रेंच शब्द, अर्थ प्रमाणपत्र. मूळ शोधायला गेलो तर 1891 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीपर्यंत जावे लागते. सुमारे 1,200 किलोमीटरची ती शर्यत चार्ल्स तेराँ याने 71 तास 22 मिनिटांत जिंकली, आणि हा पठ्ठ्या वाटेत झोपलाच नाही. पुढे व्यावसायिकांची शर्यत मागे पडली आणि हौशी लोकांची ब्रेव्हे टिकली. आज त्याच अंतराला 90 तास मिळतात, पहिला कोण हे कोणी जाहीर करत नाही. महाराष्ट्रातही हे लोण पोहोचले आहे. पुण्याच्या दिव्या ताटे यांनी ऑडॅक्स इंडियाच्या माध्यमातून ब्रेव्हे देशभर रुजवल्या. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, ही त्यातली पहिली पायरी.

खऱ्या शर्यतीतही आपली माणसे मागे नाहीत. 1982 साली चार जणांनी सुरू केलेली रेस अक्रॉस अमेरिका 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात पुरी केली. अशी कामगिरी करणारा तो पहिला भारतीय संघ. 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने केली. आपल्याकडे हे वेड डॉक्टरांनाच का लागते, यावर कोणीतरी संशोधन करायला हवे. पण ती डांबरी रस्त्यावरची शर्यत, मागे गाडी आणि माणसांचा ताफा लागतो. सुट्ट्या साठवून निघालेल्या माझ्यासारख्या आयटीवाल्याला ब्रेव्हेच परवडते.

न्यूझीलंडमधल्या माउंटन बाइकिंगचा इतिहास सांगायचा तर केनेट बंधूंचे नाव घ्यावेच लागते. 1986 साली वेलिंग्टनजवळच्या आकाटारावा जंगलात पॉल केनेट यांनी कारापोटी क्लासिक ही शर्यत भरवली. पुढे पॉल, सायमन आणि जोनाथन या भावांनी पुस्तके लिहिली, वाटा शोधल्या, बांधल्या. टूर आओटेआरोआची आखणी जोनाथन यांची, आणि 2016 च्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा झाली. मधला दुवा आहे 2009 चा. जागतिक मंदीत नोकऱ्या कशा वाचवायच्या यावर सरकारने परिषद बोलावली आणि पंतप्रधान जॉन की यांनी देशभर सायकलवाटा बांधण्याची कल्पना मांडली. 5 कोटी डॉलर मंजूर झाले. मी तेव्हा मास्टर्स संपवून नोकरीसाठी अर्ज पाठवत होतो, आणि मंदीवर उपाय म्हणून सायकलवाट ही बातमी वाचून मनापासून हसलो होतो. त्या पैशातून झालेल्या वाटांवरच मी पुढे जवळजवळ महिनाभर राहिलो.

या वाटा बऱ्याच ठिकाणी नव्याने खोदलेल्या नाहीत. कोणीतरी कधीतरी कशासाठी तरी बांधलेल्या आणि मग टाकून दिलेल्या त्या वाटा आहेत. सायकलवर ताशी 12 किलोमीटरने जाताना हे ध्यानात येते. गाडीतून कधीच आले नव्हते.

सुरुवात मात्र समुद्राची. नाइंटी माइल बीच हा प्रत्यक्षात सुमारे 88 किलोमीटरचा, म्हणजे 55 मैलांचाच किनारा. ओहोटीला वाळू डांबरासारखी टणक असते, भरतीला नसते, म्हणून निघायची वेळ घड्याळापेक्षा चंद्र ठरवतो. पुढे ऑकलंड शहर पार करून वाट क्लिव्हडनकडे वळते. क्लिव्हडन आमच्या ईस्ट टामाकीपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. घर इतके जवळ असताना तंबूत झोपणे जिवावर आले होते. सौ.ने दिलेले शेंगदाण्याचे लाडू तिथेच संपले. एक सांगायला हवे. प्रत्येकाजवळ उपग्रहाशी जोडलेला ट्रॅकर असतो आणि नकाशावर आपले टिंब जगभर कोणालाही दिसते. पुण्यात माझी आई दिवसभर ते टिंब पाहत बसे. "अगं, त्याचं टिंब चार तास हललं नाहीये," असा तिचा फोन सौ.ला यायचा, तेव्हा मी बहुधा एखाद्या बेकरीबाहेर पाय पसरून बसलेला असायचो.

पुरेओरा ते ओंगारुए या 85 किलोमीटरच्या टिंबर ट्रेलचा बराच भाग म्हणजे जुनी लाकूडवाहू ट्रामवाट. झाडे तोडायची, रुळांवरून खाली न्यायची. डोंगर उतरायला 1914 साली बांधलेले ओंगारुए स्पायरल अजून आहे. तिथे वाट बोगद्यातून येते आणि गोल फिरून स्वतःच्याच खालून जाते. पुरेओरात 1978 साली काही तरुण झाडांच्या शेंड्यांवर जाऊन बसले आणि तिथली देशी झाडांची तोड थांबवावी लागली. आपल्या चिपको आंदोलनानंतर पाचच वर्षांनी. तेव्हा वाचलेल्या जंगलाच्या सावलीतूनच ही वाट सुरू होते.

आणि मग मांगापुरुआ. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने 1917 पासून या दरीत जमिनी दिल्या. जमीन म्हणजे घनदाट जंगल. त्यांनी ते तोडले, जाळले, गवत पेरले, मेंढ्या सोडल्या, लग्ने केली, मुलांसाठी शाळा काढली. पण उतार इतके तीव्र की झाडांची मुळे गेल्यावर पावसात मातीच खाली येऊ लागली. रस्ता दर हिवाळ्यात वाहून जाई. लोकरीचे भाव पडले. एकेक कुटुंब निघून गेले. सरकारने कबूल केलेला काँक्रीटचा पूल 1936 साली पुरा झाला, तेव्हा त्यावरून जायला फार थोडी माणसे उरली होती. 1942 साली सरकारने रस्त्याची देखभाल बंद केली आणि शेवटची कुटुंबेही गेली.

तो पूल आजही आहे. खाली सुमारे 40 मीटरवर ओढा, दोन्ही बाजूंना जंगल, पुलाला जोडणारा मोटाररस्ता नाही. नावच ब्रिज टू नोव्हेअर. मला पुलापेक्षा त्याच्या आधीची वाट जास्त लागली. दर थोड्या अंतरावर लाकडी पाटी आणि तिच्यावर आडनाव. इथे अमुक कुटुंब राहत होते, एवढेच. पाटीमागे कधी पडकी चिमणी, कधी घरासमोर हौसेने लावलेली आणि आता आभाळाला टेकलेली परदेशी झाडे. मी प्रत्येक पाटीशी थांबलो. त्या दिवशी 36 किलोमीटरना सात तास लागले. ही माणसे आळशी नव्हती, अडाणी नव्हती. युद्धातून जिवंत परत आली होती. त्यांना जमीन मिळाली, कर्ज मिळाले, रस्त्याचे आश्वासन मिळाले, आणि पंचवीस वर्षे राबूनही जमले नाही. आपणही कागदपत्रे, कर्ज आणि आश्वासने घेऊन या देशात आलो. मुले इथेच वाढत आहेत, आणि पुण्यातल्या घराला कुलूप लावावे का, हा प्रश्न दर दिवाळीला निघतो. त्या पाट्यांवर गेल्याची नोंद आहे. जाताना काय बोलणे झाले असेल, याचाच विचार मी पुलापर्यंत करत होतो.

पूल ओलांडल्यावर नदीच येते. तिथून पुढे जेट बोटीने पिपिरिकी.

रेमुताका घाटात जरा घरी आल्यासारखे वाटले. आपल्या बोरघाटात 1863 साली रेल्वे चढली ती 37 फुटांत 1 फूट अशा चढाने. इथे 1878 साली 15 फुटांत 1 फूट! त्यासाठी मधोमध तिसरा रूळ घालून त्याला पकडून चढणारी फेल इंजिने आणावी लागली. 1955 साली डोंगराखालून बोगदा झाला आणि घाट ओस पडला. त्या चढावर मी सायकल ढकलत नेली, तिसरा रूळ मलाही चालला असता. त्यांपैकी उरलेले एकमेव इंजिन फेदरस्टनच्या संग्रहालयात आहे. मुलांना जरूर दाखवा.

दक्षिण बेटाचे निसर्गवर्णन मी टाळतो, फोटो सर्वांनी पाहिलेच आहेत. एकच गाव सांगतो, रीफ्टनजवळचे वायुटा. सोन्याच्या खाणीवर वसलेले, सुमारे 600 वस्तीचे. 1951 साली खाणीचा एक शाफ्ट ढासळला, कंपनीला दुरुस्ती परवडेना, आणि काही महिन्यांत गाव रिकामे झाले. लोकांनी घरे उचकटून लाकूडसुद्धा नेले. मी गेलो तेव्हा गवतात चिमण्या उभ्या होत्या. एक साठीतला स्थानिक सायकलस्वार तिथे भेटला, मी काय काम करतो असे त्याने विचारले. आयटी म्हटल्यावर म्हणाला, "म्हणजे तुमची खाण अजून चालू आहे तर!" दोघे हसलो, आणि माझ्या डब्यातली उरलेली चिक्की वाटून घेतली.

तिथून ब्लफ आणखी दहा दिवस लांब होते.