प्रँसेस द क्लेव्ह, ला

(१६७८). मादाम द ला फायेत (१६३४–९३) ह्या लेखिकेची विख्यात फ्रेंच ऐतिहासिक कादंबरी. शीर्षकाचा अर्थ ‘क्लेव्हची प्रिन्सेस’. पॅरिसचा ग्रंथविक्रेता क्लोद बार्बँ ह्याने ती मार्च १६७८ मध्ये चार भागांत प्रसिद्ध केली. पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते. फ्रान्सचा राजा दुसरा आंरी ह्याच्या कारकीर्दीची अखेरची वर्षे, म्हणजे १५५८-५९ चा काळ, हा तिच्या कथानकाचा काळ होय. प्रेमकथा आणि दरबारी राजकारण ह्यांची वीण तीत इतकी घट्ट आहे, की एकाचा धागा ओढला असता दुसरे उसवते. यूरोपीय मनोविश्लेषणात्मक कादंबरीचा प्रारंभ सामान्यतः ह्या कृतीपासून मानला जातो.

लेखिका : मारी-मादलेन प्योश द ला व्हेर्न हे लेखिकेचे माहेरचे नाव. १६५५ मध्ये तिचा विवाह काउंट द ला फायेत ह्याच्याशी झाला. पतीचे वास्तव्य पुढे मुख्यतः ओव्हेर्न्य प्रांतातील आपल्या जहागिरीवर, तर तिचे पॅरिसमध्ये राहिले. पत्रलेखिका मादाम द सेव्हीन्ये आणि सूत्रकार ला रॉशफूको ह्यांच्याशी तिचा निकटचा स्नेह होता. चौदाव्या लुईची भावजय आंरिएत हिच्या विश्वासातील असल्यामुळे राजदरबाराचे अंतरंग तिला जवळून पाहता आले. आंरिएतचे तिने लिहिलेले चरित्र लेखिकेच्या मृत्यूनंतर, १७२० मध्ये प्रकाशित झाले. ला प्रँसेस द माँपाँसिए (१६६२) ही तिची पूर्वीची कथा निनावी, तर झाईद (१६७०-७१) ही सग्रे ह्या तिच्या साहित्यिक मित्राच्या नावाने निघाली. उमराव घराण्यातील स्त्रीने कादंबरीकार म्हणून मिरवणे तत्कालीन शिष्टाचारात बसणारे नव्हते. प्रस्तुत कादंबरीचे कर्तृत्वही तिने एका पत्रात नाकारले. मात्र त्याच पत्रात हे पुस्तक दरबाराचे यथार्थ चित्र असल्याचे सांगून, ते कादंबरीपेक्षा स्मृतिग्रंथाच्या जातीचे आहे, असा अभिप्राय दिला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दुसऱ्या आंरीच्या दरबारात सत्तेची अनेक केंद्रे होती. राजावर प्रभाव होता तो त्याच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या दिआन द प्वात्ये ह्या त्याच्या प्रेयसीचा. राणी कातरीन द मेदिसी बाह्यतः शांत राहून आपली वेळ येण्याची वाट पाहत होती. सेनापती मोंमोरांसी आणि गीझ घराणे ह्यांच्यात चुरस होती. गीझांची भाची, स्कॉटलंडची राणी मेरी स्ट्यूअर्ट, १५५८ मध्ये युवराजाशी विवाहबद्ध झाल्यामुळे त्यांचे पारडे जड होऊ लागले होते. एप्रिल १५५९ मध्ये कातो-कांब्रेझीचा तह होऊन स्पेनशी चाललेले दीर्घ युद्ध संपले. ह्या तहानुसार ठरलेल्या राजघराण्यातील विवाहांच्या उत्सवात भालाईत घोडेस्वारांचे सामने झाले. त्यांत ३० जून रोजी माँगोमरी ह्या सरदाराच्या मोडलेल्या भाल्याने राजा जखमी झाला आणि १० जुलै रोजी मरण पावला. दिआनला दरबार सोडावा लागला. पंधरा वर्षांचा दुसरा फ्रान्स्वा गादीवर आला व सत्ता गीझांच्या हाती गेली. १५६२ पासून फ्रान्स धर्मयुद्धांत होरपळून निघाला.

हा सर्व तपशील लेखिकेने काळजीपूर्वक मिळविला. ब्रांतोमच्या आठवणी १६६५ पासून छापून निघू लागल्या होत्या. मॅझरेचा फ्रान्सचा इतिहास आणि ल लाबूरर ह्याने संपादिलेले कास्तेल्नोचे स्मृतिग्रंथही तिला उपलब्ध होते. कादंबरीतील बहुतेक पात्रे इतिहासातील आहेत. नायक ड्यूक द नमूर (१५३१–८५) हा त्या काळचा नामांकित, देखणा सरदार. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्याशी त्याचा विवाह घडवून आणण्याचा बेतही इतिहासातूनच आलेला आहे. नायिका मात्र पूर्णतः कल्पित आहे. तिच्या पतीचे नाव इतिहासात आढळते. परंतु खरा झाक द क्लेव्ह (१५४४–६४) कथाकाळात अवघा चौदा-पंधरा वर्षांचा होता आणि कथेतील पतीच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी वारला. घडलेल्या इतिहासाच्या फटीत न घडलेली कथा बसविण्याची ही रीत पुढील ऐतिहासिक कादंबरीकारांनीही अवलंबिली.

कथानक : सोळा वर्षांची मादमुआझेल द शार्त्र आईबरोबर दरबारात येते. एका जवाहिऱ्याकडे तिला पाहून प्रिन्स द क्लेव्ह मोहित होतो व त्यांचा विवाह होतो. तिच्या मनात पतीविषयी आदर असतो; प्रेम नसते. लूव्हरमधील एका नृत्यसमारंभात राजाज्ञेने तिला नमूरबरोबर नृत्य करावे लागते आणि त्याच क्षणी दोघांची मने गुंततात. मृत्युशय्येवरील आई तिला सावध करते. नमूर तिचे चित्र चोरतो, हे ती पाहते आणि गप्प राहते. अखेर दरबारापासून दूर राहू द्यावे म्हणून, आपले मन दुसऱ्याकडे ओढ घेत असल्याची कबुली ती कूलोमिएच्या उद्यानात पतीला देते. पुरुषाचे नाव सांगत नाही. लपून बसलेला नमूर हे ऐकतो व न राहवून, नावे गाळून, एका मित्राला सांगतो. गोष्ट कर्णोपकर्णी होत युवराज्ञीपर्यंत पोहोचते आणि ती नायिकेलाच, नमूरच्या समक्ष, ती ऐकविते. बोभाटा कोणी केला, ह्यावरून पती-पत्नी एकमेकांवर संशय घेतात. पुढे पतीने पाठविलेल्या हेराच्या अपुऱ्या वार्तेमुळे पत्नी भ्रष्ट झाली अशी पतीची समजूत होते. तो खंगतो आणि मरतो. नायिका आता स्वतंत्र असते, तरीही ती नमूरशी विवाह नाकारते. पतीच्या मृत्यूला नमूर कारण झाला हे एक कारण. प्राप्तीनंतर त्याचे प्रेम टिकणार नाही ही भीती हे दुसरे. वर्षाचा काही काळ मठात व उरलेला स्वतःच्या घरी घालवून ती अल्पायुषी ठरते.

दरबार व प्रेमकथा : दरबारी कारस्थाने ही ह्या कादंबरीची केवळ सजावट नव्हे. ह्या दरबारात प्रेम हे सत्तेचे साधन असते आणि सत्ता प्रेमावर अवलंबून असते. त्यामुळे कोण कोणावर अनुरक्त आहे ही वार्ता राज्यकारभाराइतकीच मोलाची ठरते. हरवलेल्या एका प्रेमपत्राच्या प्रकरणात राणीचा रोष ओढवेल ह्या भयाने नायिका व नमूर ते पत्र स्मरणाने पुन्हा लिहून काढण्यास बसतात; खाजगी पत्रही येथे राजकीय दस्तऐवज होते. दिआन द प्वात्ये, मादाम द तूर्नाँ, ॲन बुलिन आणि व्हिदाम द शार्त्र ह्यांच्या उपकथा काही समकालीनांना अनावश्यक वाटल्या. परंतु त्या प्रत्येकीतून नायिकेला फसवणूक, मत्सर किंवा अधःपात ह्यांचे एकेक उदाहरण मिळते. राजाच्या मृत्यूने एका दिवसात झालेली उलथापालथ हा त्यांतील सर्वांत मोठा धडा होय. दिसण्यावर विसंबू नये असे शिकविणाऱ्या ह्या जगात नायिका एकदाच संपूर्ण सत्य बोलते आणि त्या सत्यानेच तिचा संसार मोडतो. तिच्या अखेरच्या नकारामागे सदाचाराची पारंपरिक कल्पना आहेच. पण तिने दरबारात जे पाहिले त्यावरून काढलेला निष्कर्षही आहे. पित्याच्या, पतीच्या वा प्रियकराच्या इच्छेऐवजी स्वतःच्या मनःशांतीला प्रमाण मानणारी ही नायिका तत्कालीन साहित्यात अपूर्व होती.

रचना व शैली : मादलेन द स्क्यूदेरीच्या ल ग्रां सिर्यूस (१६४९–५३) सारख्या दशखंडी वीररम्य कादंबऱ्यांची रुची १६६० नंतर ओसरली व आटोपशीर ऐतिहासिक कथा लोकप्रिय झाली. प्रस्तुत कृती ह्या बदलाचे परिपक्व फळ होय. तिची शैली संयत, शब्दसंग्रह मर्यादित आणि वर्णने त्रोटक आहेत. दरबारातील प्रत्येक व्यक्ती सौंदर्य व गुण ह्यांची पराकाष्ठा असल्याचे प्रारंभी सांगितले जाते. पुढील कथा ही झळाळी क्रमाक्रमाने उतरविते. पात्राचे स्वगत विचार निवेदनात मिसळून देण्याची पद्धती विशेष उल्लेखनीय आहे. सोळाव्या शतकाच्या आवरणाखाली चौदाव्या लुईचा दरबारच रंगविला आहे, हे वाचकांनी ओळखले.

प्रतिक्रिया व प्रभाव : प्रकाशनानंतर लगेच वाद उद्‌भवला. मेर्क्यूर गालां ह्या नियतकालिकाने पत्नीने पतीला अशी कबुली द्यावी काय, असा प्रश्न वाचकांना विचारला. बहुतेकांनी नकारार्थी कौल दिला. फाँतनेलने त्याच नियतकालिकात कादंबरीची प्रशंसा केली. व्हालँकूरने १६७८ मध्ये तिच्यावर पुस्तकरूपाने टीका केली व शार्नने पुढील वर्षी तिला उत्तर दिले. एकाच कादंबरीवर इतका तपशीलवार वाद झाल्याचे हे फ्रेंच साहित्यातील आरंभीचे उदाहरण होय. १६७९ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर झाले. रूसोने आपल्या झ्यूली ह्या कादंबरीच्या चौथ्या भागाची तुलना तिच्याशी केली. रेमाँ रादिगेच्या ल बाल द्यू काँत दॉर्जेल (१९२४) मध्ये तिचे कथासूत्र आधुनिक वेषात येते. झां दलान्वा (१९६१), मानुएल द ऑलिव्हेइरा (१९९९) आणि क्रिस्तॉफ ऑनोरे (२००८) ह्यांनी तिच्यावर चित्रपट काढले. सरकारी नोकरीच्या परीक्षेत ह्या कादंबरीवर प्रश्न विचारण्याची खिल्ली निकोला सार्कोझी ह्यांनी २००६ मध्ये उडविली. ते राष्ट्राध्यक्ष असताना, २००९ च्या विद्यापीठीय आंदोलनात, निषेध म्हणून तिची जाहीर सामूहिक वाचने झाली. सत्तेच्या सान्निध्यात स्वतःचे मन जपू पाहणाऱ्या नायिकेची कथा अशा रीतीने तीनशेहून अधिक वर्षांनी पुन्हा सत्तेसमोर वाचली गेली.