धावांचा हंगाम : रणजी करंडक, १९४८–४९

रणजी करंडक ही भारतातील प्रथम श्रेणीच्या, म्हणजे दोन-दोन डावांच्या आणि अनेक दिवसांच्या, सामन्यांची राष्ट्रीय स्पर्धा १९३४–३५ मध्ये सुरू झाली. तिचा करंडक पतियाळाच्या महाराजांनी दिला आणि तिच्या पहिल्या दोन दशकांतील संघांची नावेही बऱ्याच अंशी संस्थानी नकाशावरून आलेली होती. १९४८–४९ चा पंधरावा हंगाम खेळला गेला तेव्हा तो नकाशा पुसला जात होता. मुंबईची पंचरंगी, म्हणजे धर्मवार संघांची, स्पर्धा दोन-तीन वर्षांपूर्वी बंद पडल्यामुळे देशांतर्गत क्रिकेटचा सारा भार आता रणजी करंडकावर आला होता. या हंगामात आणखी एक बदल झाला. एरवी संघांची चार विभागांत वाटणी होऊन प्रत्येक विभागाचा विजेता पुढे जात असे. ती पद्धत बाजूला ठेवून सर्व संघांची एकच सोडत काढण्यात आली, आणि म्हणूनच मुंबई, महाराष्ट्र व बडोदा हे तिन्ही पश्चिमेकडचे संघ उपांत्य फेरीपर्यंत किंवा त्यापुढे पोहोचू शकले.

हंगामाची पहिली मोठी घटना डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड या सामन्यात घडली. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपल्यावर कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी ४९४ मिनिटे फलंदाजी करून नाबाद ४४३ धावा केल्या. त्यांत ४९ चौकार होते आणि षटकार मात्र एकच. दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी के. व्ही. भांडारकर यांच्यासह (भांडारकरांच्या २०५) ४५५ धावांची भागी केली आणि महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ वर पोहोचली. त्या वेळी प्रथम श्रेणीतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या डॉन ब्रॅडमन यांची, १९३० मध्ये सिडनी येथे केलेली नाबाद ४५२ ही होती, आणि निंबाळकर तिच्यापासून ९ धावांवर असताना खेळाच्या मधल्या सुटीत काठियावाडच्या कर्णधारांनी, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांनी आणखी दोन षटके टाकण्याची विनंती केली, पण तीही मान्य झाली नाही, असे सांगितले जाते. हा प्रसंग बहुधा ठाकोरसाहेबांच्या कोत्या मनाचा दाखला म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही; मात्र फेब्रुवारी १९४८ मध्ये काठियावाडातील संस्थानांचे एकत्रित राज्य स्थापन झाले होते, त्यामुळे ज्याची गादी दहा महिन्यांपूर्वी गेली अशा संस्थानिकाला ८२६ धावांचा मार खात मैदानात उभे राहणे किती जड गेले असेल, याचाही विचार इतिहासकाराने करायला हवा.

उपांत्य फेरीत महाराष्ट्राची गाठ मुंबईशी पडली. सामना ५ ते ११ मार्च १९४९ असा सात दिवस पुण्यात चालला; त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. मुंबईने ६५१ धावा केल्या, त्यात माधव मंत्री यांच्या २००, उदय मर्चंट यांच्या १४३ आणि कोल्हापुरातच जन्मलेल्या दत्तू फडकर यांच्या १३१ होत्या. दातार यांच्या १४३ आणि मधुसूदन रेगे यांच्या १३३ धावांच्या बळावर महाराष्ट्राने ४०७ पर्यंत मजल मारली. २४४ धावांची आघाडी मिळाल्यावर मुंबईला फॉलोऑन लादता आला असता, म्हणजे महाराष्ट्राला लगेच दुसरा डाव खेळायला लावता आले असते. पण मुंबईने स्वतःच पुन्हा फलंदाजी केली, मर्चंट यांनी १५६ व फडकर यांनी १६० धावा केल्या आणि ८ बाद ७१४ वर डाव घोषित झाला. विजयासाठी ९५९ धावा हव्या असताना महाराष्ट्राने ६०४ केल्या, रेगे यांनी दुसऱ्या डावातही शतक ठोकले आणि मुंबई ३५४ धावांनी जिंकली. सामन्यात एकूण २३७६ धावा झाल्या, शतके नऊ झाली आणि तीन फलंदाजांनी दोन्ही डावांत शतके केली. एका सामन्यातील धावांचा हा जागतिक विक्रम नंतरच्या अनेक दशकांतही मोडला गेला नाही.

या आकड्यांचे कौतुक करताना थोडा हात आखडता घ्यावा लागतो. ३८ गडी बाद झाले आणि प्रत्येक गड्यामागे सरासरी साडेबासष्ट धावा पडल्या, याचा अर्थ गोलंदाजाला खेळपट्टीची साथ जवळजवळ नव्हती, आणि दिवसांची चणचण नसल्याने फलंदाजाला धोका पत्करण्याचे कारणही नव्हते. या दशकात असे अन्यत्रही घडले होते : १९४५–४६ मध्ये होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या, तर पुढच्या वर्षी बडोद्याच्या विजय हजारे व गुल महंमद यांनी होळकरविरुद्धच्या अंतिम सामन्यात ५७७ धावांची भागी रचली. निंबाळकरांना ४४३ धावा करूनही एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, याचे सारे खापर निवड समितीवर फोडले जाते. परंतु त्या खेळपट्ट्यांवरील धावांचे मोल ठरवणे निवड समितीलाही सोपे नव्हते.

अंतिम सामन्यात मुंबईने बडोद्याला हरवून करंडक जिंकला. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात सामील झाले, पण बडोद्याचा संघ मात्र वेगळाच राहिला आणि १९४९–५० च्या हंगामात त्यानेच होळकरला नमवून करंडक मिळवला.